घाटमाथ्यावरची पक्कड

ताम्हिणी घाटाच्या वरच्या अंगाला बसवलेल्या एका स्वयंचलित पर्जन्यमापकापाशी, जुलैतल्या एका दुपारी, माझ्या हातातल्या मल्टिटूलच्या, म्हणजे अनेक साधने एकात मिटवलेल्या हत्याराच्या, पकडीचा वरचा जबडा कट्‌कन तुटून चिखलात पडला. काम अगदी किरकोळ होते. पर्जन्यमापकाची केबल ज्या पेटीत शिरते, त्या पेटीची पितळी ग्लँड, म्हणजे केबलभोवती आवळून पाणी अडवणारी जोडणी, ढिली पडून पाणी आत झिरपत होते. ग्लँडवर हिरवा कळंक चढल्यामुळे ती बोटांनी फिरत नव्हती आणि पकडीत धरून अर्धा आटा आवळली असती तर पाच मिनिटांत आम्ही परतीच्या वाटेला लागलो असतो. चालकाने माझ्या डोक्यावर छत्री धरली होती, पण वाऱ्यापुढे ती नसल्यातच जमा होती. जबडा तुटल्यावर तो काही बोलला नाही. छत्री मिटून गाडीकडे चालू लागला. पौडला जाऊन साधी पक्कड विकत आणून परत येईपर्यंत साडेतीन तास गेले आणि तोवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून ठेवलेल्या त्या पेटीत पाणी शिरायचे ते शिरलेच.

हे यंत्र कसे चालते ते सांगितल्याशिवाय नुकसान ध्यानात येणार नाही. वरच्या फनेलमधून उतरणारे पाणी खालच्या दोन लहान वाट्यांच्या झोक्यात पडते. एक वाटी भरली की झोका कलतो, ती रिकामी होते आणि दुसरी धारेखाली येते. झोक्याला बसवलेला इवलासा चुंबक प्रत्येक वेळी काचेच्या नळीतल्या रीड स्विचसमोरून, म्हणजे चुंबक जवळ येताच जुळणाऱ्या स्विचसमोरून, सरकतो आणि लॉगरमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या उपकरणात, एक ठोका नोंदला जातो. आमच्या यंत्रात एक ठोका म्हणजे ०.५ मिलिमीटर पाऊस. पेटीत पाणी गेले, टर्मिनल ओली झाली आणि पुढचे तीन दिवस लॉगरने खऱ्या ठोक्यांबरोबर खोटे ठोकेही मोजले. त्या तीन दिवसांची नोंद अखेर रद्द करावी लागली. पुष्कळशी मोजमापे चुकली तर पुन्हा घेता येतात, पडून गेलेला पाऊस मात्र पुन्हा मोजता येत नाही, आणि ४९९ रुपयांच्या वस्तूपायी तो गमावला हे मला बरेच दिवस बोचत राहिले.

ती वस्तू मी निवडली होती, असे म्हणणेही खरे तर धाडसाचे आहे. मोबाइलवर शोध घेतला, सर्वांत जास्त साधने आणि सर्वांत कमी किंमत असलेली वस्तू वर आली, ती घेतली. खोक्यावर ‘चोवीस कामांचे एक साधन’ असे लिहिले होते. त्यात बाटली उघडण्याचे टोक, डबा उघडण्याचे टोक, माशाचे खवले काढण्याचे पाते, त्याच पात्याच्या पाठीवर सेंटिमीटरची पट्टी, आणि ही सगळी स्वतंत्र साधने म्हणून मोजलेली! एकाच पात्याच्या दोन कडा म्हणजे दोन साधने, हा हिशोब मान्य केला तर आपल्या घरातली विळी पाच-सहा साधनांची सहज भरेल.

घरी आल्यावर मी तुटलेला जबडा वर्तमानपत्रावर ठेवून नीट पाहिला. बाहेरून त्याला आरशासारखी चकाकी होती, पण तुटलेल्या जागी आतला पोत राखाडी आणि तांदळाच्या कण्यांसारखा रवाळ होता. माझ्या कामाच्या पिशवीत पर्जन्यमापकाचा एक जादा चुंबक नेहमी असतो. तो मुठीला लावला तर चटकन चिकटला, जबड्याला लावला तर खाली पडला. मग जुनी कानस घेऊन तुटलेल्या जागी घासली, तेव्हा धातू लोण्यासारखा निघाला आणि कानशीचे दात त्या पांढरट चुऱ्याने बुजून गेले. मुठी पोलादी पत्र्याच्या होत्या. ज्या भागावर सगळा जोर येतो तो मात्र जस्ताच्या मिश्रधातूचे ओतकाम होते आणि वर क्रोमचा मुलामा होता. अशा ओतकामावर दाब एकवेळ चालतो, पीळ आणि ताण मात्र त्याला सोसत नाही. ते वाकून सूचना देत नाही, एकदम तुटते. पितळी ग्लँड फिरवताना मी नेमका पीळच दिला होता.

इतके कळूनही मी दुसऱ्यांदा फसले, आणि ही दुसरी फसगत मला जास्त शिकवून गेली. या वेळी मी १,३५० रुपये मोजले, पकडीला चुंबक चिकटतो याची खात्री करून घेतली आणि पात्यावर ‘४४०’ असा आकडा कोरलेला पाहून निर्धास्त झाले. ४४० हे स्टेनलेस पोलादाच्या एका कुळाचे नाव आहे, हे मला ठाऊक होते. त्या कुळात ए, बी, सी असे प्रकार असतात, त्यांतल्या कार्बनच्या प्रमाणात चांगलाच फरक असतो आणि नुसता ४४० हा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही, हे ठाऊक नव्हते. शिवाय पोलाद कोणतेही असो, त्याला पाणी कसे दिले आहे यावर निम्मा खेळ असतो. आपल्याकडे लोहार कोयता तापवून पाण्यात बुडवतो, तेव्हा तो किती तापला आणि बुडवल्यावर पुन्हा किती ऊब दिली यावर कोयता धरणार की वाकणार हे ठरते. कारखान्यातही गोष्ट तीच आहे, फक्त भट्टी मोठी असते. माझ्या दुसऱ्या साधनातल्या चपट्या स्क्रूड्रायव्हरचे टोक सौर पॅनेलच्या चौकटीवरचा एक गंजलेला स्क्रू सोडवताना पिळवटून गेले, ते शेवग्याच्या वाळक्या शेंगेसारखे दिसू लागले, आणि स्क्रूची खाचही त्याने खाल्ली ती वेगळीच. एक रात्र ओल्या सॅकमध्ये राहिल्यावर त्याच्या सांध्यांना तांबूस गंज चढला. सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे पात्याची खिटी. केबल टाय कापताना पाते उलट्या बाजूने जरासे अडखळले, खिटी सुटली आणि पाते माझ्या तर्जनीवर मिटले. तीन टाके पडले. धार चांगली असती तर जास्त पडले असते, म्हणजे निकृष्टपणाचा एवढा एक फायदा मी मान्य करायला हवा.

यानंतर मात्र मी घाई केली नाही. पावसाळा संपला होता, हाताशी वेळ होता. पुण्याच्या बोहरी आळीत हत्यारांच्या एका जुन्या दुकानात मी गेले आणि माझी दोन्ही निकामी साधने काउंटरवर ठेवली. वयस्कर दुकानदारांनी दुसरे साधन उचलले, पक्कड मिटवून छताच्या ट्यूबलाइटकडे धरली आणि मला म्हणाले, “ताई, या, इथून बघा.” मिटलेल्या जबड्यांमधून प्रकाशाची एक पाचर दिसत होती. टोके एकमेकांना भेटत होती ती तिरकी, आणि मधला भाग तर भेटतच नव्हता. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेची कोरी पट्टी फाडून तिचे टोक पकडीत धरायला सांगितले आणि स्वतः पट्टी ओढली. ती सहज निसटली. त्यांनी आपल्या गल्ल्याजवळची, मूठ झिजलेली नोज प्लायर मला दिली. त्या वेळी पट्टी फाटली, पण निसटली नाही. “आता मूठ न दाबता जबडे डावी-उजवीकडे हलवून बघा,” ते म्हणाले. माझ्या साधनात मधल्या रिव्हेटभोवती जबडे आडवे डुलत होते. त्यांच्या मते ज्या पकडीचे जबडे नव्याने घेतानाच डुलतात, ती वापराने घट्ट होत नाही. हे वाक्य त्यांनी गिऱ्हाइकांना शेकडो वेळा ऐकवले असणार.

त्यांच्या दुकानात चांगले मल्टिटूल नव्हतेच. “ताई, मी सांगू का? टपारियाची एक पक्कड घ्या, एक टेस्टर घ्या, एक कटर घ्या. हजाराच्या आत काम होतं आणि नातवंडं वापरतील.” हा सल्ला मी वरवरचा म्हणून उडवून लावला नाही. टपारियाची हत्यारे १९६९ पासून, स्वीडनमधल्या एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरुवात करून, आपल्याकडे बनत आली आहेत. नाशिक आणि गोव्यात त्यांचे कारखाने आहेत आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात ती मिळतात. घरी, गाडीच्या डिकीत किंवा शेतातल्या मोटारीच्या खोलीत ठेवायला साधन हवे असेल तर मी आजही हेच सांगेन. माझी अडचण वेगळी होती. आमची काही यंत्रे अशा जागी आहेत की गाडी सोडून दीड-दोन तास चढावे लागते. पाठीवर लॉगरची बॅटरी असते, पाण्याची बाटली असते आणि कागदपत्रांची प्लॅस्टिक पिशवी असते. तिथे खिशात मावणारे आणि कमरेला अडकणारे एकच साधन हवे होते.

मग मी उलट्या टोकाने विचार सुरू केला. मागच्या दोन पावसाळ्यांतल्या माझ्या भेटींच्या वह्या काढल्या आणि प्रत्येक भेटीत हाताने नेमके काय केले, ते लिहून काढले. चोवीस साधनांपैकी मला खरोखर लागली होती ती पाच. पक्कड लागत होती जवळजवळ दर भेटीला. तारेचे आवरण सोलायला आणि केबल टाय कापायला पाते किंवा कात्री, चपटा आणि फुलीचा स्क्रूड्रायव्हर, आणि बॅटरीच्या टोकांवरचा क्षार खरवडायला कानस. करवत मी दोन वर्षांत एकदाच वापरली होती, फनेलवर आलेली करवंदीची फांदी कापायला. बाटली उघडायचे टोक एकदाही नाही.

त्यातही पक्कड हीच मुख्य, ही गोष्ट वह्या चाळताना जितकी स्पष्ट झाली, तितकी कोणत्याही जाहिरातीत होत नाही. पुढे वाचनात आले की या जातीच्या साधनाचा आजचा अवतारही पकडीच्या उणिवेतूनच जन्मला. अमेरिकेतल्या टिम लेदरमन यांनी १९७५ मध्ये एका जुन्या फियाट गाडीतून युरोपचा प्रवास केला. गाडी सारखी बिघडायची, हॉटेलांतले नळ गळायचे आणि त्यांच्या खिशात होता फक्त चाकू. चाकूला पक्कड जोडता येईल का, या विचारावर त्यांनी पुढे काही वर्षे घालवली आणि १९८३ मध्ये पोर्टलंड शहरात कंपनी उभी राहिली. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सची वाट उलट दिशेने आली. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाख गावी सुरू केलेल्या कारखान्यातून १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले गेले, १८९७ मध्ये प्रसिद्ध ‘ऑफिसर्स नाइफ’ आला, आणि पक्कड असलेले स्विसटूल फार उशिरा, त्यानंतर शंभर वर्षांनी. म्हणूनच लाल मुठीचा स्विस चाकू कितीही उत्तम असला तरी माझ्या ग्लँडपुढे तो निरुपयोगी होता, हे मला मान्य करावे लागले; आणि असा एक चाकू माझ्या वडिलांनी मला दिलेला असल्यामुळे ते थोडे जड गेले.

शेवटी प्रश्न दोन साधनांवर येऊन थांबला : लेदरमनचे वेव्ह प्लस आणि व्हिक्टोरिनॉक्सचे स्विसटूल स्पिरिट. दोन्हींच्या किमती माझ्या आधीच्या दोन्ही चुकांच्या बेरजेच्या कितीतरी पट होत्या, आणि घरात तो आकडा सांगताना मी आवाज जरा खाली आणला होता. वेव्ह प्लस एका सहकाऱ्याकडे होते. त्यांनी ते मला पंधरा दिवस वापरायला दिले. त्याचे दोन्ही चाकू पक्कड न उघडता, एका अंगठ्याने बाहेरून उघडतात आणि पक्के अडकतात. तार कापण्याच्या धारा खराब झाल्या तर त्या स्क्रू काढून बदलता येतात, ही फार शहाणपणाची सोय आहे. त्याचे स्क्रूड्रायव्हर आणि कात्री मात्र मुठीच्या आतल्या बाजूला आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी आधी सगळी पक्कड उघडावी लागते. शिवाय त्याची स्क्रूड्रायव्हरची टोके चपटी, त्या कंपनीच्या स्वतःच्या घडणीची असतात, बाजारातली षट्कोनी टोके त्यात थेट बसत नाहीत. कोरड्या खोलीत हे काहीच नाही. पावसात, एका हाताने पेटीचे झाकण धरून, दुसऱ्या हाताने काम करताना मला ते जाणवत होते. स्पिरिटची सगळी साधने मिटलेल्या अवस्थेतच बाहेरून, नखाने उघडतात, मुठीच्या कडा गोलसर आहेत आणि वजन दोनशे ग्रॅमच्या किंचित वर, म्हणजे वेव्ह प्लसपेक्षा तीसेक ग्रॅम कमी. माझा पंजा लहान आहे. पक्कड जोराने आवळली की मुठीची कड तळव्यात रुतते, आणि मुठीच्या पत्र्याची कड गोल केली आहे की नुसती कापून सोडली आहे, हे कोणत्याही साधनाचा दर्जा ओळखायला पुरेसे असते, असे माझे मत झाले आहे. ज्याने तळव्याचा विचार केला नाही, त्याने पोलादाचा केला असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

स्पिरिटची ही निवड माझ्या हाताची आणि माझ्या कामाची. मोटारसायकलवर फिरणाऱ्या आमच्या त्या सहकाऱ्यांना वेव्ह प्लसच योग्य आहे आणि ते मला अजून तसे ऐकवतात.

खरेदीही मी अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या पावतीसह केली. नावाजलेल्या साधनांच्या हुबेहूब नकला बाजारात सर्रास आहेत. मला एका ठिकाणी निम्म्याहून कमी किमतीत ‘तेच’ साधन देऊ केले होते; शिक्का बरोबर होता, पण खोक्यावरच्या इंग्रजीत दोन शब्द चुकलेले होते आणि मिटलेल्या पकडीतून प्रकाशाची तीच ओळखीची पाचर दिसत होती. हमीचा मुद्दाही इथेच येतो. लेदरमन २५ वर्षांची हमी देते, व्हिक्टोरिनॉक्स पोलाद आणि कारागिरीतल्या दोषासाठी साधनाच्या आयुष्यभराची; माझ्या ४९९ रुपयांच्या खरेदीवर वस्तू परत करण्याची मुदत दहा दिवसांची होती, आणि घाटमाथ्यावरचा पावसाळा चार महिन्यांचा असतो.

नवे साधन हाती आल्यावर मी दुकानदारांनी शिकवलेले सगळे प्रकार करून पाहिले. प्रकाश दिसला नाही. कागद फाटला. पाते उघडून, बोटे त्याच्या वाटेबाहेर ठेवून, पात्याची पाठ लाकडी पाटावर हलके आपटली. खिटी सुटली नाही. चुंबक अर्थातच चिकटला. त्यावरून आठवले, ‘चुंबक चिकटला नाही म्हणजे अस्सल स्टेनलेस’ असे अनेक विक्रेते छातीठोकपणे सांगतात. ताटवाट्यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. पाणी देऊन कठीण करता येणारे, पात्यांचे स्टेनलेस पोलाद मात्र चुंबकाला चिकटतेच. तेव्हा चुंबकाने जस्त ओळखता येते, पोलादाचा कस कळत नाही.

या साधनाने आता दोन पावसाळे काढले आहेत, त्यांतला एक आंबोलीला, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि दप्तरातला कागदही आंबतो. ताम्हिणीची ती ग्लँड मी पुढच्या जूनमध्ये याच पकडीने सोडवली, साफ केली, ग्रीस लावून आवळली, चालकाने या वेळीही छत्री धरली होती आणि काम झाल्यावर “झालं? खरंच?” असे विचारून घेतले. टर्मिनलच्या बारीक स्क्रूंसाठी मी अजूनही एक छोटा टेस्टर वेगळा बाळगते, कारण मिटलेल्या मुठीच्या एका कडेला असलेल्या टोकाने खोलातला स्क्रू सरळ रेषेत फिरवता येत नाही. ही उणीव बहुतेक मल्टिटूलमध्ये असते. विजेच्या कामाबद्दल तर स्पष्टच सांगते : या मुठी उघड्या पोलादाच्या असतात, त्यांच्यावर रबर नसते. आमच्या यंत्रात बारा व्होल्टची बॅटरी असते म्हणून चालते. घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डाला हे साधन मी कधीही लावत नाही. विमानाने जाताना ते हाताच्या पिशवीत चालत नाही, सामानातच टाकावे लागते, आणि हे विसरल्यामुळे पुणे विमानतळावरून मी एकदा रांग सोडून सामानाच्या काउंटरपर्यंत धावत गेले आहे.

दर दौऱ्यानंतर मी ते कोमट पाण्यात उघडून जुन्या टूथब्रशने घासते, पंख्याखाली वाळवते आणि प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडते. स्टेनलेस म्हणजे गंज न चढणारे नव्हे, उशिरा चढणारे, इतकेच; पात्याचे कठीण पोलाद त्यात जास्तच हळवे. पहिल्या वर्षी आंबोलीहून आल्यावर मी हे चार दिवस लांबवले, तर कात्रीच्या सांध्यात मोहरीएवढे दोन तांबूस ठिपके आले होते. तेल आणि कापडाने ते गेले.

एक डाग मात्र जाणार नाही, आणि तो सर्वस्वी माझा आहे. मागच्या ऑगस्टमध्ये मास्टची, म्हणजे यंत्राच्या खांबाची, एक ताणाची तार तुटून लोंबत होती. ती कडक पोलादी तार. या पकडीत मऊ तारेसाठी आणि कठीण तारेसाठी कापण्याच्या दोन वेगळ्या जागा आहेत, हे माहितीपत्रकात लिहिलेले आहे आणि मी ते वाचलेही होते. पाऊस वाढत होता, अंधारत होते. कठीण तारेच्या खाचेत तार बसवायला आणखी दहा सेकंद लागली असती. मी ती नेहमीच्या धारेत धरली आणि दोन्ही हातांनी दाबली. तार तुटली. धारेच्या मध्यावर अर्धचंद्रासारखी एक बारीक खाच राहिली, तांब्याची तार कापताना एक तंतू नेमका त्या खाचेत अडकून शिल्लक राहतो आणि दर वेळी तो मला वेगळा तोडावा लागतो.